वीट नसलेली इमारत

१

सन १९९८. नवं राष्ट्रीय ग्रंथालय उघडून तीन वर्षं झाली होती. त्या वर्षी मार्चमधल्या एका मंगळवारी, भर दुपारी बारा पस्तीसला, होऊन-जाईल साहेब नोकरवर्गाच्या जिन्यात मरून पडलेले सापडले.

पाय चौथ्या मजल्याकडे, डोकं तिसऱ्याकडे. कवटीची मागची बाजू आत गेली होती आणि रक्त चार पायऱ्या उतरून पाचवीवर थिजलं होतं. मारणाऱ्यानं एकदा मारून भागवलं नव्हतं. पहिल्या घावाला साहेब पडले, आणि पडल्यावर आणखी दोन घातले होते. आणि ते डोकं मांडीवर घेऊन, कोपरापर्यंत लाल झालेल्या हातांनी, बाइंडरबाईंचा धाकटा भाऊ बसला होता.

बाइंडरबाई म्हणजे ग्रंथालयाच्या बांधणी विभागाच्या प्रमुख. जुन्या इमारतीत बावीस वर्षं आणि नव्या इमारतीत तीन, त्यांनी फाटक्या पुस्तकांना सुईदोऱ्यानं जगवलं होतं. भाऊ तिथेच पेट्यांचा मिस्त्री. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्याची वेणीफणी सोडून बाकी सगळं मीच केलं, असं बाई हसून सांगायच्या.

होऊन-जाईल साहेब हे देखभाल विभागाचे प्रमुख. खरं नाव फक्त पगारपत्रकावर. दिवा गेला, नळ गळला, माणूस घसरून पडला, काहीही सांगायला जा, साहेब मान डोलावून म्हणायचे, “होऊन जाईल.” इमारतीतल्या प्रत्येक दोषाची नोंद एका जाड वहीत करायचा नियम होता. साहेब ती नोंद इमानानं करायचे आणि समोर स्वतःच्या हातानं तेच दोन शब्द लिहून सही ठोकायचे. त्या वहीला सगळे दोषवही म्हणत.

आणि दोष तरी किती. वास्तुकाराला म्हणे ज्ञानाचा दिवा उभारायचा होता, म्हणून अकरा मजली काचेचा मनोरा बांधला. पुस्तकं वर काचेत, वाचक खाली तळघरात. पहिल्याच उन्हाळ्यात चामड्याची वेष्टणं पापडासारखी वळली, शिवणीतला सरस ओघळला. मग प्रत्येक काचेमागे आतून लाकडी झडपा बसवल्या, आणि करोडोंचा तो दिवा बाहेरून बंद कपाटासारखा दिसायला लागला. पाखरं काचेवर आपटून मरायची. झाडूवाली सकाळी टोपली घेऊनच यायची. मनोऱ्याभोवतीच्या लाकडी चौथऱ्यावर पाणी पडलं की साबण फिरवल्यासारखा व्हायचा. पहिल्या वर्षात तिथे तीन वाचकांची खुब्याची हाडं मोडली, तेव्हा तो दोरी लावून बंदच करून टाकला.

पण सगळ्यांत मोठं दुखणं पेट्यांचं. वाचकानं खाली चिठ्ठी भरली की वरच्या मजल्यावरची बाई पुस्तक काढून लोखंडी पेटीत ठेवायची, आणि ती पेटी रुळांवरून आपोआप खाली यायची. पेटी निघताना यंत्र चिठ्ठीवर मजला आणि वेळ उमटवायचं. मात्र दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक वजनपट्टी होती. आत दोन किलोंहून कमी वजन असलेली पेटी आली की पट्टीला वाटायचं, रिकामी आहे, आणि पेटी आल्या पावली परत. सोळा पानी पुस्तिका मागवणारा वाचक बिचारा बसून राहायचा. वास्तुकाराला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, “हलकी पुस्तकं कमी ठेवा.”

यावर तोड काढली ती बाइंडरबाईंनी. जुनं ग्रंथालय तेव्हा पाडत होते. जाड भिंतींचं, विटांचं, उन्हाळ्यातही गार राहणारं. त्या ढिगाऱ्यातून त्यांनी अकरा अखंड विटा पिशवीतून आणल्या, बांधणीच्या कापडाच्या खोळी शिवल्या, प्रत्येक मजल्याचा रंग वेगळा, वर सोनेरी आकडा. पातळ पुस्तक असलं की सोबत वीट ठेवायची. पेटी बिनबोभाट खाली जायची, आणि संध्याकाळच्या रिकाम्या पेटीतून वीट आपल्या मजल्यावर परत यायची.

वास्तुकाराच्या कानावर काहीतरी गेलं असावं. ‘पेट्यांत परकी वस्तू ठेवल्यास शिस्तभंगाची कारवाई’ असं परिपत्रक निघालं. तेव्हापासून साहेब येताना दिसले की विटा टेबलाखाली जायच्या, आणि वीट हा शब्द परक्या माणसासमोर कुणाच्या तोंडून निघत नसे. इतकी सवय झाली होती की पोलीस आले तरी निघाला नाही.

इन्स्पेक्टरनं मिस्त्रीला बेड्या घातल्या, कारण सगळं त्याच्यासाठी सोपं होतं. त्याच सकाळी मिस्त्रीच्या जोडीदाराची दोन बोटं रुळात जाऊन तुटली होती. ती बोटं रुमालात गुंडाळून मिस्त्री साहेबांपुढे गेला होता आणि पन्नास माणसांदेखत म्हणाला होता, “एक दिवस तुम्हालाच पेटीत घालून खाली पाठवीन.” त्यात चौथ्या मजल्यावरच्या बाईनं जबानी दिली, की साहेबांना बारा दहाला जिन्याकडे जाताना तिनं पाहिलं होतं. सव्वाबाराला ग्रंथालयाची जेवणाची सुट्टी. म्हणजे खून सुट्टीत झाला, आणि सुट्टीत जिन्यात कोण होतं, तर मिस्त्री.

साहेबांच्या बगलेतली दोषवही मात्र कुठेच सापडली नाही.

२

बुधवारी बाइंडरबाईंना कोठडीच्या गजाबाहेरून भावाला पाच मिनिटं पाहता आलं. डावा डोळा मिटून गेला होता. ओठ फाटला होता. श्वास घेताना तो एका बाजूला वाकत होता, म्हणजे बरगडी गेली असणार.

“जेवलास का?” बाईंनी विचारलं.

“चावता येत नाही, ताई.” तो गजाला टेकला. “ते म्हणतात, शुक्रवारी दुपारी कागद आणतो. त्यावर सही केली की मारणार नाहीत.”

“तू मारलंस?”

“मी वर चढत होतो. लिफ्ट नुकतीच बंद पडलेली, नाहीतर त्या जिन्यानं कोण जातं. वाचनगृहातला रूळ दुरुस्त करून साडेबाराला निघालो आणि ते दिसले. म्हटलं, जीव असेल. डोकं उचललं तर...” त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. “सही करतो. एकदाचं संपेल.”

“सहीबिही काही करायची नाही. शुक्रवारपर्यंत दात आवळून बस.”

“दात दोनच राहिलेत हलायचे.” तो हसायला गेला आणि कळवळला. मग हळूच म्हणाला, “मी एकदा गप्प बसलो होतो, ताई. त्याचंच हे फळ असेल.”

कशाबद्दल, ते विचारायच्या आत शिपायानं बाईंना बाहेर काढलं.

बांधणीच्या खोलीत परत आल्या तर चौथ्या मजल्यावरची बाई चहा घेऊन वाट पाहत होती. तिला सगळे चौथीवाली म्हणत. पंचवीस वर्षांची मैत्री. दोघी रोज सव्वाबाराला याच टेबलावर डबे उघडायच्या. मंगळवारीसुद्धा उघडले होते. साहेब जिन्यात थंड होत पडले असताना आपण लोणच्याच्या फोडीवरून हसत होतो, ही गोष्ट बाईंना राहून राहून टोचत होती.

“रड,” चौथीवाली म्हणाली, “पण हात रिकामे ठेवू नकोस. मला विचार. मी त्यावरच दिवस काढले.”

तिला विचारण्यासारखं होतंच. दीड वर्षापूर्वी तिची एकुलती एक मुलगी याच इमारतीत काम करताना गेली. चौथ्या मजल्यावर दुर्मीळ ग्रंथांची कोठी होती. आगीची घंटा वाजली की तीस सेकंदांत तिथे वायू सुटायचा. आग विझायची आणि आत माणूस असला तर तोही. घंटा चुकून वाजली होती. मुलगी कोठीच्या दाराशी सापडली, दहाही बोटांची नखं उखडलेली. चौकशीत निष्कर्ष निघाला, मृत व्यक्तीनं घंटेकडे दुर्लक्ष केलं. कोठीला दार होतंच, बाहेर पडायला तीस सेकंद पुरे होते.

“काहीतरी शिवायला घे,” चौथीवाली पुढे म्हणाली. “माझ्या विटेची खोळ उसवलीय. नवी शिवून टाक, वीट मी वर भरून घेते.”

बाईंनी हिरवं कापड बेतलं, यंत्रासारखे टाके घातले, वर सोन्याचा चार उमटवला. टेबलावर दुरुस्तीला आलेल्या पुस्तकांचा ढीग साचला होता. सगळ्यांत वर १९३१ सालची व्यापाऱ्यांची सूची, अडीच किलोंचा ठोकळा, पाठ मोडलेला. बाईंनी ती बाजूला सरकवली. भाऊ बरगडी धरून बसलेला असताना व्यापाऱ्यांच्या पाठी कोण जोडत बसणार.

३

गुरुवारी सकाळी इन्स्पेक्टरनं बाईंना संचालकांच्या दालनात बोलावलं. तिथे वास्तुकार आधीच बसला होता. काळा कोट, काळा चष्मा, बूट इतके चकचकीत की त्यात झडपांचं प्रतिबिंब दिसावं. मंगळवारी दुपारी तीनला त्याच्यासमोर दोषवही उघडायची होती, त्यासाठीच तो आला होता. वही गायब झाल्यानं सगळ्यांत जास्त कुणाचं भलं झालं असेल तर त्याचंच. बाईंनी मनात त्याच्यावर बोट ठेवलंच होतं.

“तुम्ही मंगळवारी कुठे होता?” त्यांनी सरळ विचारलं.

इन्स्पेक्टर हसला. “बाई, प्रश्न मी विचारायचे असतात. पण सांगतो. हे साहेब अकरापासून एकपर्यंत संचालकांबरोबर गच्चीवर होते. सोबत सहा माणसं. काचा बघत होते.”

“पक्ष्यांनी खराब केल्यात,” वास्तुकार तुसडेपणानं म्हणाला.

“त्यांनी जीव दिलाय त्यावर,” बाई म्हणाल्या. “डाग पडायचेच.”

इन्स्पेक्टरनं एक कागद पुढे केला. “डॉक्टरांचा अहवाल. मृत्यू अकरा ते साडेबाराच्या दरम्यान. याहून नेमकं सांगता येत नाही म्हणतात. तुमच्या भावाच्या पान्याचे घाव नाहीत हे. सपाट, जड, कोपऱ्याची वस्तू. एका जखमेत लाल भुगा सापडला. विटेचा.”

“मग माझा भाऊ सुटला.”

“उलट. अडकला.” इन्स्पेक्टरनं वास्तुकाराकडे पाहिलं. “सांगा त्यांना.”

“माझ्या इमारतीत एकही वीट नाही,” वास्तुकार सावकाश, अभिमानानं म्हणाला. “पायापासून गच्चीपर्यंत. काच, पोलाद, काँक्रीट आणि लाकूड. जगात दाखवता येईल अशी गोष्ट आहे ती.”

“म्हणजे वीट बाहेरून आणली,” इन्स्पेक्टर म्हणाला. “भांडणात हातात आली म्हणून घातली, असं नाही. पिशवीतून आणली, मारली, परत नेऊन फेकली. ठरवून केलेला खून. त्याला शिक्षा कोणती, ते सांगू का? उद्या दुपारी सही घेतो आणि प्रकरण मिटवतो.”

बाईंच्या पायांखालची जमीन सरकली, पण भावाच्या फाशीमुळे नव्हे. या इमारतीत विटा किती आहेत ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या त्यांनीच आणल्या होत्या.

४

बाई आपल्या खोलीत परतल्या आणि दार लावून बसल्या. एक ते अकरा. प्रत्येक मजल्यावर एकेक बाई किंवा बुवा, प्रत्येकाच्या टेबलाखाली एकेक वीट. त्यांतली कुठली?

समोर व्यापाऱ्यांची सूची पडली होती. हात आपोआप तिच्याकडे गेले. पंचवीस वर्षांची सवय. पाठ का मोडली असेल म्हणून उलगडली, तर आत चिठ्ठी. यंत्रानं उमटवलेली: चौथा मजला, मंगळवार, अकरा बेचाळीस. त्याखाली खालच्या काउंटरवरच्या मुलीचं अक्षर: ‘वाचकाने हे मागितलेले नाही. पेटीत आपटून पाठ मोडली.’

बाई ती चिठ्ठी घेऊन तळघरात उतरल्या.

वाचनगृहात खांबाजवळच्या टेबलावर नकाशेवाले आजोबा बसले होते. निवृत्त भूमापक, जुन्या सरकारी मोजणीच्या पुस्तिका वाचायला रोज यायचे, आणि त्या पुस्तिका चौथ्या मजल्यावर.

“आजोबा, मंगळवारी तुम्हाला एक जाडजूड पुस्तक आलं का?”

“आलं? पडलं म्हण.” आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला. “मी मागितली वीस पानांची पुस्तिका. पेटी उघडतो तर माझी पुस्तिका त्या धोंड्याखाली चिरडलेली. मला काय दुकान टाकायचंय, व्यापाऱ्यांचे पत्ते घेऊन?”

“आणि वीट?”

आजोबांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. “तुझी हिरवी ना? रोज येते. तिच्यावर मी नकाशा उघडा ठेवतो, पान मिटत नाही. त्या दिवशी आलीच नाही. दुसऱ्या कुणाच्या टेबलावरही नव्हती, मी पाहिलं.”

“आदल्या दिवशीची इथेच राहिली असेल.”

“छे. सोमवारी संध्याकाळी मीच पेटीत ठेवली. वर गेलेली पाहिली. मोजणी खात्यात हयात गेली माझी, पोरी. कुठली वस्तू कुठे आहे हे मी सोडत नाही.”

“मंगळवारी माझा भाऊ इथे काम करत होता?”

“त्या शिडीवर. अकराच्या आधीपासून साडेबाराला पाच कमी असतील तोवर. ठोकाठोकीनं डोकं उठवलं आमचं. पोलिसांनाही सांगितलं मी. ते म्हणाले, काय उपयोग, साहेब बारा दहापर्यंत जिवंत होते.”

बाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या.

वीट सोमवारी वर गेली. मंगळवारी अकरा बेचाळीसला पातळ पुस्तिका पाठवायची वेळ आली तेव्हा वीट चौथ्या मजल्यावर होती, तरी पाठवणाऱ्या बाईनं ती पेटीत ठेवली नाही. हाताला येईल तो ठोकळा ठेवला. का? विटेला हात लावता येत नव्हता म्हणून. खाली पाठवली असती तर काउंटरवरची मुलगी किंचाळली असती म्हणून. म्हणजे अकरा बेचाळीसच्या आधीच साहेबांचं डोकं फुटलं होतं, आणि तेव्हा धाकटा शिडीवर, वाचनगृहभर माणसांसमोर होता.

मग बारा दहाला जिवंत साहेब पाहिले ते कुणी? एकटीनंच.

आणि खोळ. ती तर बाईंनी काल स्वतःच्या हातानं शिवली होती.

५

चौथ्या मजल्यावर टेबलापाशी कुणी नव्हतं. बाईंनी वाकून वीट काढली. बाकी मजल्यांवरच्या आकड्यांचं सोनं तीन वर्षांच्या हाताळणीनं पुसट झालं होतं. हा चार लखलखत होता. त्यांनी खिशातल्या पात्यानं आपलेच टाके उसवले. विटेचा एक कोपरा उडालेला होता. धुतलेली दिसत होती, पण वीट पाणी पिते तसं बाकीचंही पिते. तुटलेल्या कडेवर काळसर तपकिरी थर आतपर्यंत मुरला होता.

“शिवलीस तशी उसवलीसही,” मागून आवाज आला. “कोठीत चल. इथे कुणी येईल.”

चौथीवालीचा चेहरा रोजच्यासारखाच होता. बाई तिच्या मागून कोठीत गेल्या. वीट हातातच होती. पंचवीस वर्षं जिच्या मागून गेलो तिच्या मागून जाताना माणूस विचार करत नाही. आत गेल्यावर चौथीवाली वळून दाराशी गेली, दार मिटल्याचा जड आवाज आला, आणि ती त्याला पाठ लावून उभी राहिली.

“साहेब अकरा वीसला आले,” ती म्हणाली. “माझ्या टेबलावर दोषवही उघडली. मला म्हणाले, ताई, ब्लेड आहे का? एक पान काढायचंय, दुपारी बैठक आहे. मी दिली. ते कापत होते आणि मी वाचत होते. ‘दुर्मीळ कोठीचं दार आतल्या बाजूस उघडतं. वायू सुटल्यावर दाबानं बसतं, एकट्या माणसाला ओढून निघत नाही.’ समोर ‘होऊन जाईल’. तारीख, माझी पोर जायच्या अकरा दिवस आधीची.”

“तू त्यांना काही बोललीस?”

“विचारलं, हे काय आहे? म्हणाले, जुनं प्रकरण आहे ताई, आता कशाला. मी कोण, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं गं. माझ्या पोरीचं पान कापायला माझ्याकडेच ब्लेड मागितली.” तिचा आवाज अजून शांत होता. “ते जिन्याकडे वळले. वीट टेबलाखाली होती. पहिला घाव घातला तेव्हा मी कोण ते सांगितलं. दुसरे दोन, त्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून.”

“आणि माझा भाऊ?”

“त्याचं नाव मी घेतलं नाही. तो जिन्यात सापडला हे मला नंतर कळलं.”

“कळल्यावर बोलायचं होतंस. बरगडी मोडलीय त्याची. उद्या त्याच्याकडून सही घेणार आहेत.”

“चौकशीत त्याला विचारलं होतं, कोठीचं दार नीट चालतं का,” चौथीवाली म्हणाली. “तुझा भाऊ मिस्त्री. सगळी दारं त्याच्या हाताखालची. त्यानं खाली बघून सांगितलं, माहीत नाही. नोकरी वाचवली. मी काल ठरवलं होतं, सांगते. आणि तुझ्यासमोर चहा ठेवताना वाटलं, बसू दे आणखी एक दिवस.”

‘मी एकदा गप्प बसलो होतो, ताई.’ बाईंना आता कळलं.

“बाजूला हो,” त्या म्हणाल्या. “मला पोलिसांकडे जायचंय.”

“जाशील. आधी माझ्या पोरीनं काय ऐकलं ते ऐक.”

दारालगत भिंतीवर आगीचा लाल दांडा होता. चौथीवालीनं तो खाली ओढला.

घंटा सुरू झाली. बाई दाराकडे धावल्या. चौथीवालीनं त्यांचे केस धरून मागे फेकलं. बाई मांडणीवर आदळल्या, पुस्तकं अंगावर कोसळली. उठून पुन्हा धावल्या. दोघी साठीच्या उंबरठ्यावरच्या बाया, एकमेकींच्या तोंडावर नखं मारत होत्या, आणि वर घंटा सेकंद मोजत होती. मग छतातून फुत्कार आला. पांढरा, गार, डोळे जाळणारा.

पहिला श्वास घेताच चौथीवालीचा चेहरा बदलला. मरायचं तिनं ठरवलं असेल, पण शरीरानं ठरवलेलं नव्हतं. ती वळली आणि दार ओढायला लागली. दोन्ही हातांनी, पाय चौकटीला लावून. दार केसभरही हललं नाही. ती नखांनी फट खरवडायला लागली, आणि बाईंनी पाहिलं, की ती नेमकं तिथेच खरवडतेय जिथे जुने ओरखडे होते.

बाईंच्या डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. गुडघे टेकताना हातातली वीट जमिनीवर वाजली, तेव्हा ती हातात असल्याचं त्यांना आठवलं. आणि आठवलं, की मनोऱ्याची रेघ बिघडू नये म्हणून वास्तुकारानं या कोठीलाही एका बाजूला काच ठेवली होती. त्यांनी झडप ओरबाडून उघडली. ऊन भस्सकन आत आलं. पहिला घाव. काच नुसती थरथरली. दुसरा. तुटलेल्या कोपऱ्यानं तिच्यावर एक तारा उमटला. तिसऱ्याला सगळी काच एकदम दाण्यादाण्यांनी ढासळली, आणि वीट बाईंच्या हातातून सुटून चार मजले खाली गेली, त्या बंद चौथऱ्यावर, जिथे पाखरांशिवाय कुणी पडत नसे.

वायू बाहेर धावला. मागे दार आपसूक सुटलं, आणि ते धरून ओढणारी चौथीवाली उताणी पडली. बाईंनी तिच्या काखेत हात घातला आणि तिला फरफटत बाहेर आणलं. दोघी मजल्यावर पडून खोकत राहिल्या.

“वही कुठे आहे?” श्वास आल्यावर बाईंनी विचारलं.

चौथीवालीच्या दहाही बोटांतून रक्त येत होतं. तिनं एका बोटानं मांडण्यांच्या रांगेकडे दाखवलं. “व्यापाऱ्यांच्या सूचीची जागा रिकामी झाली होती ना. तिथे लावलीय. कापलेलं पान आतच आहे. ग्रंथालयात चुकीच्या जागी लावलेली वस्तू शंभर वर्षं सापडत नाही, हे तूच शिकवलंस.”

६

मिस्त्री गुरुवारी संध्याकाळी सुटला, शुक्रवारचा कागद तसाच कोरा राहिला. मुलीच्या मृत्यूची चौकशी पुन्हा उघडली तेव्हा तो आपण होऊन उभा राहिला आणि दाराबद्दल तेव्हा जे सांगायला हवं होतं ते सांगितलं. त्याची नोकरी गेली. पुढे त्यानं सायकलदुरुस्तीचं दुकान काढलं. गार हवेत त्याची बरगडी शेवटपर्यंत दुखायची.

इन्स्पेक्टरला चौथऱ्यावर काचेच्या दाण्यांत वीट सापडली. ती त्यानं न्यायालयात मांडली, आणि खून आपणच उलगडल्यासारखं बोलला. त्याला बढती मिळाली. मिस्त्रीच्या मोडलेल्या बरगडीबद्दल त्याला कुणी विचारलं नाही.

वास्तुकाराला परदेशात आणखी एक ग्रंथालय बांधायला मिळालं. त्यातही पुस्तकं काचेत आहेत असं ऐकिवात आहे.

नकाशेवाले आजोबा आणखी नऊ वर्षं त्याच टेबलावर बसले. वजनपट्टी शेवटी बदलली, विटांची गरज संपली, पण त्यांनी पाचव्या मजल्याची निळी वीट नकाशा उघडा ठेवायला मागून घेतली होती. ते गेल्यावर ती त्यांच्या सुनेनं परत आणून दिली.

दोषवही सरकारजमा झाली. तिची फाटलेली शिवण कुणीतरी दुरुस्त करायला हवी होती, आणि ते काम बांधणी विभागाकडेच आलं. बाइंडरबाईंनी कापलेलं पान पातळ कागदाची पट्टी लावून मूळ जागी जोडलं. इतकं नीट, की बोट फिरवल्याशिवाय जोड कळत नाही. पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या.

चौथीवालीला जन्मठेप झाली. बाई दर महिन्याला भेटीच्या दिवशी तुरुंगात जायच्या, अकरा वर्षं, ती आत वारली तोवर. भावाला हे कधी पटलं नाही, आणि बाईंनी त्याला पटवायचा प्रयत्नही केला नाही. भेटीत दोघी इकडचंतिकडचं बोलायच्या, गुडघ्यांचं, डोळ्यांचं. त्या दुपारचा विषय कुणी काढायचं नाही. फक्त वेळ संपल्याची घंटा वाजली की चौथीवाली जाळीला बोटं लावायची. त्या बोटांवर नखं पुन्हा धड आलीच नव्हती. आणि दर वेळी तोच प्रश्न विचारायची.

“कोठीचं दार आता कुठल्या बाजूला उघडतं गं?”

“बाहेरच्या,” बाई सांगायच्या. “करंगळीनं ढकललं तरी उघडतं.”